काझिमिर मालेविच

काझिमिर सेव्हेरिनोविच मालेविच (२३ फेब्रुवारी १८७९, कीव – १५ मे १९३५, लेनिनग्राड) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि सोव्हिएत राजवटीत कार्यरत राहिलेले चित्रकार, कलाशिक्षक व कलाविषयक लेखक होते. चित्रातून ओळखू येणारी प्रत्येक वस्तू काढून टाकून केवळ रंग आणि भौमितिक आकार यांच्यावर चित्र उभे करणाऱ्या ‘सुप्रीमॅटिझम’ या संप्रदायाचे ते प्रवर्तक होत. ‘काळा चौकोन’ (१९१५) हे त्यांचे चित्र विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या चित्रांपैकी एक आहे. झारशाही, दोन क्रांत्या, यादवी युद्ध, लेनिनचा काळ आणि स्टालिनच्या सत्तेची पहिली वर्षे एवढी स्थित्यंतरे त्यांनी पाहिली. क्रांतीने त्यांना अधिकारपद दिले आणि त्याच क्रांतीतून जन्मलेल्या राज्ययंत्रणेने पुढे त्यांना तुरुंगात टाकले. त्यामुळे रशियन कला आणि राजकीय परिवर्तन यांच्या संबंधाचा अभ्यास करताना त्यांचे चरित्र टाळून पुढे जाता येत नाही.

बालपण

मालेविच यांचे आईवडील पोलिश होते. घरात पोलिश बोलली जाई आणि कुटुंबाचा धर्म रोमन कॅथलिक होता. वडील सेव्हेरिन हे साखर कारखान्यांत नोकरीला असल्यामुळे युक्रेनमधील एका कारखान्याच्या गावाहून दुसऱ्या गावी असे कुटुंबाचे फिरणे चाले. आई लुडविका. चौदा अपत्यांपैकी काझिमिर हे थोरले. भावंडांपैकी नऊ जणच वाढली. त्यांचे जन्मवर्ष दीर्घकाळ १८७८ असे छापले जात होते. चर्चमधील नोंद सापडल्यानंतर १८७९ हे वर्ष सर्वमान्य झाले.

ही साखर उसाची नव्हे, बीटची. मैलोगणती पसरलेली बीटची शेते, ओळीने वाकून काम करणारी माणसे आणि कारखान्याचा भोंगा हे मालेविच यांच्या बालपणीचे जग होते. कामगारांची मुले आणि शेतकऱ्यांची मुले असे गावात दोन गट असत आणि मालेविच यांचा ओढा शेतकऱ्यांकडे होता, असे त्यांच्या आत्मपर लेखनावरून दिसते. शेतकरी स्त्रिया घराच्या भिंती मातीने सारवीत, चुलाणावर वेलबुट्टी काढीत, कापडावर भरतकाम करीत. चित्र म्हणजे काय याची पहिली ओळख त्यांना कोणत्याही विद्यालयात नव्हे, या घरांतून झाली. त्यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांत शेतकरी पुन्हा का अवतरतो याचे उत्तर बव्हंशी येथेच सापडते.

कीवमधील चित्रकला शाळेत थोडे शिक्षण झाल्यावर १८९६ मध्ये कुटुंब कुर्स्क येथे स्थायिक झाले. तेथे मालेविच यांनी रेल्वेच्या कचेरीत आरेखक म्हणून नोकरी धरली. दिवसा नकाशे व आराखडे काढायचे आणि सुटीच्या दिवशी मित्रांसह निसर्गचित्रे रंगवायची, असा हा क्रम काही वर्षे चालला. पगारातून पैसे साठवून त्यांनी १९०४ मध्ये मॉस्को गाठले.

मॉस्को

त्या काळी रशियात चित्रकलेचे दोन प्रवाह एकमेकांसमोर उभे होते. एकीकडे इल्या रेपिन यांच्या पिढीचे वास्तववादी चित्रकार होते. व्होल्गेवर नावा ओढणारे मजूर, हद्दपारीतून परतलेला क्रांतिकारक असे विषय घेऊन त्यांनी चित्राला समाजटीकेचे साधन बनवले होते. दुसरीकडे पॅरिसहून येणारे वारे होते. सेर्गेई श्चुकिन आणि इव्हान मोरोझोव्ह या मॉस्कोतील व्यापाऱ्यांनी मोने, सेझान, मातिस, पिकासो यांची चित्रे मोठ्या प्रमाणावर विकत घेतली होती. त्यामुळे पॅरिसला न जाताही तेथील नवी कला मॉस्कोत पाहता येई. फ्योदोर रेरबेर्ग यांच्या खासगी कलाशाळेत शिकत असताना मालेविच यांनी दहा वर्षांच्या आत हे सारे टप्पे स्वतःच्या कुंचल्याने ओलांडले. त्यांची सुरुवातीची चित्रे एका ओळीत मांडली तर एकाच माणसाची आहेत यावर विश्वास बसणे कठीण.

१९०५ च्या डिसेंबरात मॉस्कोत सशस्त्र उठाव झाला. रस्त्यांवरील अडथळ्यांमागे आपणही होतो, असे मालेविच यांनी नंतर लिहिले आहे. तो उठाव मोडून काढण्यात आला. त्यानंतरच्या वर्षांत तरुण चित्रकारांचे बंड राजकारणापेक्षा प्रदर्शनांच्या दालनांत अधिक दिसू लागले. मिखाईल लारिओनोव्ह आणि नतालिया गोंचारोवा यांच्याबरोबर मालेविच ‘चौकटचा गुलाम’ (१९१०) आणि ‘गाढवाचे शेपूट’ (१९१२) या गाजलेल्या प्रदर्शनांत सामील झाले. या मंडळींना दुकानांच्या पाट्या, स्वस्त लाकूडठशांची लोकचित्रे आणि चर्चमधील पवित्र प्रतिमा यांत अकादमीच्या चित्रांहून अधिक जिवंतपणा जाणवत होता. लाकूड तोडणारे, पाण्याच्या बादल्या वाहणाऱ्या स्त्रिया, राईची कापणी करणारे शेतकरी अशी मालेविच यांची या काळातील चित्रे पत्र्याच्या नळकांड्यांतून घडवल्यासारखी भासतात.

‘सूर्यावर विजय’ आणि काळा चौकोन

डिसेंबर १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लूना पार्क नाट्यगृहात ‘सूर्यावर विजय’ या संगीतिकेचे प्रयोग झाले. संहिता अलेक्सेई क्रुचोनिख यांची, संगीत मिखाईल मात्युशिन यांचे, नांदी वेलिमिर ख्लेब्निकोव्ह यांची आणि नेपथ्य व वेशभूषा मालेविच यांची होती. भविष्यातील बलदंड पुरुष जुन्या जगाचा सूर्य जेरबंद करतात, असे तिचे कथासूत्र आहे. बहुसंख्य प्रेक्षकांना त्यातील काही समजले नाही आणि नाट्यगृहात गोंधळ माजला. या नेपथ्यात चौकोनी आकार वारंवार येतो. त्यामुळेच मालेविच यांनी पुढे ‘काळा चौकोन’ १९१३ चा असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो १९१५ मध्ये रंगवला गेला. चित्रांवर मागील तारखा घालण्याची ही सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही आणि अभ्यासकांना तिने पुष्कळ त्रास दिला.

१९१५ मध्ये ते मॉस्कोच्या आपल्या खोलीत कोणालाही आत न घेता काम करीत होते. नव्या शैलीची पहिली जाहीर झलक मात्र चित्रांतून नव्हे, भरतकामातून दिसली. युक्रेनमधील व्हेर्बोव्का गावच्या शेतकरी स्त्रियांनी मालेविच यांच्या आराखड्यांवरून केलेले भरतकाम त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या एका प्रदर्शनात मांडण्यात आले होते. ज्यांच्याकडून ते चित्र शिकले त्यांच्याच हातून नव्या चित्राचा आरंभ झाला, हा योगायोग लक्षणीय आहे.

जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार १९ डिसेंबर १९१५ रोजी पेट्रोग्राडमध्ये ‘०,१०’ या नावाचे प्रदर्शन उघडले. मालेविच यांनी त्यात ३९ चित्रे मांडली. त्यांपैकी एक ७९.५ सेंटिमीटर लांबीरुंदीचे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा चौकोन, बाकी काही नाही. ते इतर चित्रांप्रमाणे भिंतीवर न लावता खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ, दोन भिंतींच्या सांध्यावर तिरके टांगले होते. रशियन घरातील हा कोपरा म्हणजे आपल्याकडील देवघरच. तेथे येशूची किंवा मातृदेवतेची प्रतिमा असते आणि घरात येणारा प्रथम तिला वंदन करतो. त्या जागी काळा चौकोन लावण्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्येष्ठ चित्रकार व समीक्षक अलेक्सांद्र बेन्वा यांनी त्यात श्रद्धेचा आणि माणुसकीचाच निषेध पाहिला आणि प्रखर टीका केली. दुसरीकडे, त्याच प्रदर्शनात धातू व लाकडाच्या रचना मांडणारे व्लादिमिर तात्लिन यांना मालेविच यांची चित्रे व्यावसायिक दर्जाची वाटली नाहीत. या दोघांचे वैर पुढे वीस वर्षे टिकले.

चौकोन दिसतो तितका काटेकोर नाही. त्याच्या बाजू परस्परांना समांतर नाहीत, रंगाचा थर तडकला आहे आणि तडांतून खालचे रंग डोकावतात. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनाने केलेल्या तपासणीत या काळ्या थराखाली दोन रंगीत रचना आढळल्या. म्हणजे मालेविच यांनी कोऱ्या कॅनव्हासवर नव्हे, आधीच्या चित्रांवर काळा रंग चढवला होता.

युद्ध आणि क्रांती

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी मालेविच यांनी मायाकोव्हस्कीच्या ओळींसह देशभक्तीपर लोकचित्रे काढली होती. त्यांत जर्मन सैनिकांची टर उडवलेली आहे. १९१६ मध्ये त्यांनाच सैन्यात भरती व्हावे लागले. फेब्रुवारी १९१७ च्या क्रांतीने झार पदच्युत झाला तेव्हा ते गणवेशात होते आणि मॉस्कोच्या सैनिक प्रतिनिधी सोव्हिएतच्या कलाविभागाचे प्रमुख म्हणून निवडले गेले. ऑक्टोबर क्रांतीनंतर काही काळ त्यांच्याकडे प्राचीन वास्तू व क्रेमलिनमधील कलावस्तू यांच्या संरक्षणासाठी कोमिसारपद सोपवण्यात आले. जुनी कला जाळून टाकण्याची भाषा करणाऱ्याच्या हाती जुन्या कलेच्या किल्ल्या आल्या होत्या.

मालेविच बोल्शेविक पक्षाचे सदस्य मात्र कधीच झाले नाहीत. १९१८ च्या वसंतात त्यांनी ‘अनार्खिया’ या अराजकवाद्यांच्या वृत्तपत्रात सातत्याने लेख लिहिले. एप्रिलमध्ये नव्या सरकारच्या पोलिसांनी मॉस्कोतील अराजकवाद्यांच्या अड्ड्यांवर छापे घातले आणि ती चळवळ चिरडली. नवे राज्य आपल्या डावीकडील मित्रांशी कसे वागेल याची ती पहिली चुणूक होती.

तरीही त्या दोन-तीन वर्षांत अवाँ-गार्द चित्रकारांना जे स्थान मिळाले तसे युरोपात अन्यत्र कोठेही मिळाले नव्हते. शिक्षण कोमिसार अनातोली लुनाचार्स्की यांनी कलाविभाग त्यांच्या हाती दिला. याचे एक साधे कारण असे की, प्रस्थापित चित्रकार नव्या सत्तेपासून फटकून होते आणि हे तरुण मदतीला तयार होते. सरकारने त्यांची चित्रे विकत घेऊन प्रांतोप्रांतीच्या संग्रहालयांना वाटली. मालेविच यांनी शिकवण्याचे काम घेतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मायाकोव्हस्कीच्या ‘मिस्तेरिया-बूफ’ या नाटकाचे नेपथ्य त्यांनी केले. दिग्दर्शक होते मेयरहोल्ड. त्याच वर्षी त्यांनी पांढऱ्यावर पांढऱ्या आकारांची चित्रे रंगवली. रंगही आता काढून टाकला होता. पुढे काही काळ त्यांनी कुंचला जवळजवळ खाली ठेवला आणि लेखनाकडे वळले.

व्हितेब्स्क

१९१९ च्या अखेरीस मॉस्कोत अन्न नव्हते आणि सरपणही नव्हते. मालेविच यांची दुसरी पत्नी सोफिया राफालोविच गरोदर होती. अशा वेळी एल लिसित्स्की यांनी त्यांना व्हितेब्स्कला येण्याचे निमंत्रण दिले. बेलारूसमधील या गावात तेथीलच सुपुत्र मार्क शागाल यांनी जनतेची कलाशाळा सुरू केली होती. शागाल यांच्या चित्रांत गावची लाकडी घरे, हवेत तरंगणारे प्रेमी, सारंगीवाले असत. मालेविच यांच्या चित्रांत यांपैकी काहीही नव्हते, पण त्यांच्या वाणीत असामान्य ओढ होती. काही महिन्यांत शागाल यांचे विद्यार्थी एकेक करून मालेविच यांच्या वर्गात जाऊन बसले. जून १९२० मध्ये शागाल गाव सोडून मॉस्कोला गेले आणि ही जखम त्यांनी आयुष्यभर विसरली नाही. या प्रकरणात मालेविच यांची बाजू फारशी शोभादायक नाही. सर्वांना मुक्त करणारी कला शिकवताना दुसऱ्या पद्धतीला जागा ठेवणे त्यांना जमले नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये विद्यार्थी व शिक्षकांचा ‘उनोव्हिस’ हा गट स्थापन झाला. नव्या कलेचे प्रस्थापक असा या संक्षिप्त नावाचा आशय आहे. त्याचे सदस्य बाहीवर काळा चौकोन शिवून घेत. त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव मालेविच यांनी गटाच्या नावावरून ऊना असे ठेवले. गटाने दुकानांच्या पाट्या, शिधापत्रिका, ट्राम, सभामंडप आणि सणाच्या दिवशी घरांच्या भिंती रंगवल्या. यादवी युद्धाच्या काळात आगगाडीने तेथून गेलेले, पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून कीर्ती पावलेले सेर्गेई आयझेनस्टाइन यांना लाल विटांच्या त्या गावातील पांढऱ्या भिंतींवरचे हिरवे गोल, नारिंगी चौकोन आणि निळे आयत अनेक वर्षे आठवत राहिले. सामान्य नागरिकांना त्याचा काय बोध होत असे, हा प्रश्न त्याही वेळी विचारला जात होता. पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनाही तो पडला होता. पैसा आटला, शिक्षकांचे पगार थकले आणि १९२२ मध्ये मालेविच काही निष्ठावंत विद्यार्थ्यांसह पेट्रोग्राडला गेले.

याच गावात त्यांनी ‘देव पदच्युत झालेला नाही’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. कला, चर्च आणि कारखाना हे परिपूर्णतेकडे जाण्याचे तीन मार्ग असल्याचा दावा करतात आणि तिघेही तेथे पोहोचत नाहीत, असा तिचा साधारण आशय आहे. भौतिकवादी राज्यात हे लिहिणे धाडसाचे होते.

पेट्रोग्राडमधील संस्था

१९२० नंतर अवाँ-गार्द चित्रकारांतच फूट पडली. तात्लिन, रोदचेन्को आदींनी केवळ चित्र म्हणून काढलेले चित्र कालबाह्य ठरवले आणि कलावंताने कारखान्यात जाऊन उपयोगी वस्तू घडवाव्यात असे मत मांडले. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या क्रांतिकारी रशियाच्या चित्रकारांच्या संघटनेने वेगळीच वाट धरली. लाल सेनेतील सैनिक, कामगार, पक्षनेते यांची सर्वांना समजतील अशी वास्तववादी चित्रे हे तिचे उद्दिष्ट होते आणि लाल सेना व कामगार संघटना यांचा आश्रय तिला लाभला. मालेविच यांना दोन्ही मार्ग अमान्य होते. अन्न आणि सत्ता यांच्या गरजा कालपरत्वे बदलतात, कलेचे काम त्या गरजांच्या पलीकडचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या भूमिकेमुळे ते हळूहळू एकाकी पडत गेले.

कलासंस्कृतीच्या राज्य संस्थेचे ते संचालक झाले. तेथे चित्रांचा अभ्यास प्रयोगशाळेतील नमुन्यांप्रमाणे चाले. विद्यार्थी कोणत्या शैलीने प्रभावित आहे याचे निदान करून त्याला अभ्यासक्रम दिला जाई. मालेविच स्वतः प्लास्टरच्या ठोकळ्यांपासून ‘आर्किटेक्टोन’ नावाच्या इमारतीसारख्या रचना करीत. त्यांत दारे, खिडक्या किंवा राहणाऱ्या माणसांचा विचार नसे. त्यांचे सहकारी निकोलाई सुएतिन आणि इल्या चाश्निक यांच्यासह त्यांनी चिनी मातीच्या सरकारी कारखान्यासाठी कपबश्या आणि एक प्रसिद्ध चहादाणीही तयार केली. तिच्यातून चहा ओतणे सोयीचे नसले तरी संग्रहालयांत तिला मोठा मान आहे.

१९२४ मध्ये लेनिनच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणाचा जो पंथ उभा राहिला त्याकडे मालेविच यांनी बारकाईने पाहिले. नव्या राज्यातही प्रतिमापूजा जशीच्या तशी परतते आहे, हे त्यांनी इतरांच्या आधी हेरले होते. लेनिनची आठवण माणसाच्या चेहऱ्याने नव्हे तर घनाकृतीने जपावी, असाही विचार त्यांनी लिहून ठेवला. देशाने चेहराच निवडला.

जून १९२६ मध्ये ‘लेनिनग्रादस्काया प्रावदा’ या वृत्तपत्रात संस्थेवर घणाघाती लेख आला. सरकारी खर्चाने चाललेला मठ अशी तिची संभावना करण्यात आली आणि क्रांतिविरोधी प्रवचने चालत असल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी मालेविच यांचे संचालकपद गेले आणि संस्था गुंडाळण्यात आली.

परदेशप्रवास

मार्च १९२७ मध्ये मालेविच सुमारे ७० चित्रे, तक्ते व हस्तलिखिते घेऊन वॉर्सॉला गेले. तेथे त्यांचा मोठा सत्कार झाला. तेथून ते बर्लिनला पोहोचले. एप्रिलमध्ये त्यांनी डेसाऊ येथील बाउहाउस या कलाविद्यालयाला भेट देऊन वॉल्टर ग्रोपियस व लास्लो मोहोली-नॉज यांची गाठ घेतली. त्यांच्या लेखनाचा जर्मन अनुवाद त्याच वर्षी बाउहाउसच्या ग्रंथमालेत निघाला. मे महिन्यात बर्लिनच्या वार्षिक कलाप्रदर्शनात त्यांच्या चित्रांना स्वतंत्र जागा देण्यात आली.

प्रदर्शन सप्टेंबरअखेरपर्यंत चालायचे होते. परंतु जूनच्या आरंभी मालेविच यांना तातडीने परत बोलावण्यात आले. निघण्यापूर्वी त्यांनी चित्रे वास्तुविशारद ह्यूगो हेरिंग यांच्याकडे आणि हस्तलिखिते फॉन रीझन कुटुंबाकडे ठेवली. आपला मृत्यू झाल्यास किंवा आपण निरपराध तुरुंगात पडल्यास या लेखनाचे काय करावे, हे एका चिठ्ठीत लिहून त्यांनी सही केली. म्हणजे पुढे काय वाढून ठेवले असू शकते याची त्यांना पूर्ण जाणीव होती. तरीही ते परत गेले. पत्नी, मुलगी, आई आणि विद्यार्थी सारे तिकडेच होते. त्यानंतर त्यांना देशाबाहेर पडता आले नाही आणि ती चित्रेही पुन्हा पाहता आली नाहीत.

बिनचेहऱ्याचे शेतकरी

लेनिनग्राडमध्ये काम मिळणे अवघड झाल्यावर १९२८ ते १९३० या काळात मालेविच कीवच्या कलासंस्थेत शिकवण्यासाठी जात. खारकीवच्या ‘नोवा गेनेरात्सिया’ या युक्रेनियन मासिकाने त्यांची लेखमाला छापली. १९२९ मध्ये त्रेत्याकोव्ह कलादालनाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा निम्मी चित्रे बर्लिनमध्ये अडकलेली होती. ही पोकळी भरण्यासाठी पन्नाशीच्या या चित्रकाराने आपल्या तरुणपणीच्या शैलींत नवी चित्रे रंगवली आणि त्यांवर जुन्या तारखा घातल्या. एखाद्याने स्वतःचा भूतकाळ नव्याने लिहून काढावा असा हा प्रकार आहे. अनेक दशके ही चित्रे खरोखरच १९१० च्या आसपासची मानली जात होती.

या काळातील शेतकऱ्यांची चित्रे मात्र केवळ जुन्याची उजळणी नाहीत. रंगांच्या आडव्या पट्ट्यांसारखी शेते, त्यांसमोर ताठ उभी माणसे आणि चेहऱ्याच्या जागी रिकामा अंडाकार. काही आकृत्यांना हात नाहीत. याच वर्षांत स्टालिनने शेतीचे सक्तीने सामूहिकीकरण चालवले होते. जमीन, गुरे आणि घरे हिरावून घेऊन शेतकऱ्यांना लाखोंच्या संख्येने हद्दपार करण्यात येत होते आणि १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये पडलेल्या मानवनिर्मित दुष्काळात लाखो लोक मृत्युमुखी पडले. मालेविच यांच्या एका रेखाचित्रात माणसाच्या चेहऱ्यावर विळा-हातोडा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर क्रूस आणि तिसऱ्याच्या चेहऱ्यावर शवपेटी आहे. ‘पळणारा माणूस’ या चित्रात अनवाणी, दाढीवाला, काळ्या चेहऱ्याचा शेतकरी रंगीत शेतांवरून धावतो आहे. मागे तलवार आणि क्रूस दिसतात. सोव्हिएत चित्रकलेत त्या काळी सामूहिक शेतावरील हसरे चेहरे आणि भरलेली ताटे रंगवली जात होती. दुष्काळाची साक्ष देणारी चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि ती वस्तुरूप नाकारणाऱ्या चित्रकाराकडून यावीत, याचा विचार त्याच्या टीकाकारांनी केला नाही.

अटक आणि अखेरची वर्षे

सप्टेंबर १९३० मध्ये गुप्त पोलिसांनी मालेविच यांना लेनिनग्राडमध्ये अटक केली. जर्मनीतील वास्तव्य व तेथील ओळखी यांविषयी त्यांची चौकशी झाली आणि हेरगिरीचा संशय घेण्यात आला. डिसेंबरात ते सुटले. दरम्यान भयापोटी मित्रांनी त्यांची काही कागदपत्रे जाळून टाकली होती.

एप्रिल १९३२ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने सर्व स्वतंत्र कला व साहित्य संघटना बरखास्त केल्या. दोन वर्षांनी सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात समाजवादी वास्तववाद हीच अधिकृत पद्धती म्हणून घोषित झाली. १९३२ मध्ये रशियन संग्रहालयात भरलेल्या क्रांत्युत्तर पंधरा वर्षांच्या प्रदर्शनात मालेविच यांची चित्रे होती, पण यापुढे ज्या वाटेने जायचे नाही तिचा नमुना म्हणूनच. इझाक ब्रोद्स्की यांच्यासारखे लेनिनची हुबेहूब चित्रे काढणारे चित्रकार आता आदर्श ठरले.

मालेविचही चेहरे रंगवू लागले. पत्नी, मुलगी, कामगार, मित्र यांची ही व्यक्तिचित्रे पाहून त्यांनी शरणागती पत्करली असे काहींना वाटते. हा निष्कर्ष घाईचा आहे. १९३३ च्या आत्मचित्रात ते प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकाराच्या थाटात लाल-काळ्या पोशाखात उभे आहेत. उजव्या हाताचा तळवा असा उघडा आहे की, नसलेली एखादी चौकोनी वस्तू त्यात धरल्याचा भास व्हावा. आणि खाली सहीच्या जागी आहे एक लहानसा काळा चौकोन.

याच सुमारास त्यांना कर्करोग जडला. उपचारांसाठी परदेशी जाण्याची परवानगी मिळाली नाही. १५ मे १९३५ रोजी लेनिनग्राड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. उशाशी ‘काळा चौकोन’ लावलेला होता. शवपेटी सुएतिन यांनी सुप्रीमॅटिस्ट आकारांनी रंगवली होती आणि ती नेणाऱ्या मोटारीच्या पुढच्या भागावरही काळा चौकोन होता. पार्थिव रेल्वेने मॉस्कोला नेऊन तेथे दहन करण्यात आले. अस्थी मॉस्कोजवळच्या नेमचिनोव्का गावी, त्यांच्या आवडत्या ओक वृक्षाखाली पुरण्यात आल्या. त्यावर सुएतिन यांनी पांढरा घन उभारला आणि त्याच्या दर्शनी बाजूला काळा चौकोन रंगवला.

विद्यार्थी आणि सहकारी यांपैकी अनेकांच्या वाट्याला असा निरोपही आला नाही. व्हितेब्स्कच्या शाळेत शागाल यांच्यानंतर प्रमुख झालेल्या व्हेरा येरमोलायेवा यांना १९३४ च्या अखेरीस अटक झाली आणि १९३७ मध्ये कझाकस्तानातील छावणीत गोळी घालण्यात आली. संस्थेतील सहकारी, समीक्षक निकोलाई पूनिन १९५३ मध्ये छावणीतच वारले.

मृत्यूनंतर

कुटुंबाने अनेक चित्रे लेनिनग्राडच्या रशियन संग्रहालयाच्या स्वाधीन केली. ती आणि त्रेत्याकोव्हमधील ‘काळा चौकोन’ दीर्घकाळ कोठारात पडून राहिली. ती नष्ट केली गेली नाहीत, याचे श्रेय त्या संग्रहालयांतील अनाम कर्मचाऱ्यांना द्यावे लागते.

जर्मनीत राहिलेल्या चित्रांची कथा वेगळी आहे. ती हॅनोव्हरच्या संग्रहालयाचे संचालक अलेक्झांडर डॉर्नर यांच्याकडे पोहोचली. तोवर हिटलर सत्तेवर आला होता आणि नाझींच्या लेखी ही कला बोल्शेविक विकृती होती. मॉस्कोत जी भांडवलशाही विकृती ठरली तीच बर्लिनमध्ये बोल्शेविक ठरावी, ही त्या दशकाची तऱ्हा होती. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनी काही चित्रे घेतली आणि त्यांपैकी दोन छत्रीत गुंडाळून सीमेपार नेली. उरलेली चित्रे हेरिंग यांनी युद्धकाळात जपली आणि १९५८ मध्ये ती अॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाकडे गेली. मालेविच यांच्या वारसांनी पुढे या मालकीला आव्हान दिले. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाशी १९९९ मध्ये आणि अॅम्स्टरडॅमशी २००८ मध्ये तडजोड झाली. परत मिळालेल्या चित्रांपैकी १९१६ ची एक सुप्रीमॅटिस्ट रचना २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे ८ कोटी ५८ लाख डॉलरना विकली गेली.

सोव्हिएत संघात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरण्यासाठी गोर्बाचोव्हचा काळ उजाडावा लागला. १९८८ मध्ये ते लेनिनग्राड व मॉस्को येथे आणि नंतर अॅम्स्टरडॅम येथे भरले. ‘काळा चौकोन’ची चार चित्रे ज्ञात आहेत. त्यांपैकी एक दिवाळे निघालेल्या एका रशियन बँकेच्या मालमत्तेत होते. उद्योगपती व्लादिमिर पोतानिन यांनी २००२ मध्ये ते दहा लाख डॉलरना घेऊन हर्मिटाज संग्रहालयाला दिले.

मालेविच रशियन की युक्रेनियन हा वाद २०२२ च्या युद्धानंतर तीव्र झाला असून काही युरोपीय संग्रहालयांनी त्यांच्या नावापुढील वर्णन बदलले आहे. ते कीवमध्ये पोलिश आईवडिलांच्या पोटी जन्मले, रशियन भाषेत त्यांनी बहुतेक लेखन केले आणि युक्रेनियन खेड्याला ते आपल्या कलेचा उगम मानीत, एवढे निर्विवाद आहे.

नेमचिनोव्का येथील ओक वृक्ष आणि सुएतिन यांचा घन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीसे झाले. १९८८ मध्ये गावात एक स्मृतिचिन्ह उभारण्यात आले, परंतु अस्थी पुरलेली मूळ जागा तेथून काहीशी दूर आहे. तेथे आता निवासी इमारती आहेत.